उंबऱ्यावरची ओल

आमच्या मजल्यावर लिफ्टच्या दोन बाजूंना दोन दारं आहेत, एक आमचं आणि एक समोरच्यांचं. गेल्या पावसाळ्यात या दोन दारांआड एकाच आईची दोन पिल्लं वाढत होती, आणि त्यातलं हुशार पिल्लू समोरच्या दाराआड होतं. आज मी हे सरळ लिहून टाकते आहे. तेव्हा कोणी माझ्या तोंडावर असं बोललं असतं, तर त्याला मी लिफ्टमध्येही शिरू दिलं नसतं, अकरा मजले जिन्यानं उतरवलं असतं.

पिल्लं आमच्याच सोसायटीतली. जनरेटरच्या खोलीमागे एक गावठी कुत्री व्याली होती. कमिटीनं फर्मान काढलं तसं वॉचमननं पिल्लं खोक्यात भरून गेटजवळ आणून ठेवली. मी भाजी घेऊन आले तोवर खोक्यात दोनच उरली होती आणि समोरच्या ताई माझ्या आधी पोचल्या होत्या. त्यांनी दोघांनाही उचलून, उलटंपालटं करून, डोळे-कान तपासून तांबूस रंगाची पिल्ली काढून घेतली. मागे राहिला काळा-पांढरा, एक कान उभा आणि एक पडलेला. त्यानं माझ्या पिशवीतली मेथी ओढली आणि मी त्याला उचललं. म्हणजे पहिल्या दिवसापासून निवड त्यांची आणि उरलंसुरलं माझं. हे मी विसरले नाही.

माझा स्वभाव आधीपासूनच असा आहे. वीज कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर माझी नोकरी झाली. नागपूरच्या उन्हाळ्यात लाईन गेली की त्या खिडकीसमोर जी गर्दी जमते, तिला तोंड देता देता माणसाची जीभ तयार होते. निवृत्त झाल्यावर गर्दी गेली, जीभ राहिली. मुलगी पुण्याला नोकरीत. यजमान शहराबाहेर मिहानच्या औद्योगिक वसाहतीत, एका कंपनीच्या स्टोअरमध्ये. सकाळी कंपनीची बस त्यांना घेऊन जाते ती संध्याकाळी आणून सोडते. दिवसभर घरात मी आणि फ्रिजचा आवाज. त्यात हा आला, आणि मी बाथरूममधून बाहेर पडले तरी शेपूट हलवत उभा राहायला लागला. इतक्या वर्षांत माझी अशी वाट कोणी पाहिली नव्हती. खिडकीबाहेरची माणसं तासन्‌तास वाट पाहायची खरी, पण ती माझी नव्हे, लाईनची.

यजमानांनी कुत्र्याला हो म्हटलं, पण अट घातली. दिवाळीपर्यंत घरातली घाण थांबली पाहिजे. नाही थांबली तर माझे धाकटे दीर दिवाळीला येतील तेव्हा त्याला घेऊन जातील. दीर रामटेककडे धानाची शेती करतात आणि त्यांना राखणीला कुत्रं हवंच होतं. त्यांच्याकडे कुत्रं कसं राहतं ते मी पाहिलं आहे. गळ्यात साखळी, साखळी खुंट्याला, समोर ॲल्युमिनियमची वाकडी थाळी. दीर काही वाईट माणूस नाहीत, पण त्यांच्याकडे कुत्रं म्हणजे कुत्रं. मी अट मान्य केली. एवढ्याशा जिवाला एवढंसं शिकवायला कितीसे दिवस लागतात, असं मला वाटलं होतं.

जमिनीवरच्या घरात ते सोपं असेल. दार उघडलं, अंगणात सोडलं, झालं. अकराव्या मजल्यावर पिल्लू जमीन हुंगायला लागलं की त्याला उचलायचं, चप्पल अडकवायची, किल्ली घेतली का ते बघायचं, दार ओढायचं, लिफ्टचं बटण दाबायचं आणि लिफ्ट येईपर्यंत त्याच्या पोटाखाली हात धरून देवाचं नाव घेत उभं राहायचं. लिफ्ट आली तरी ती थोडीच सरळ खाली जाते? मध्येच शिकवणीला निघालेली पोरं चढणार, मध्येच दळणाचा डबा घेतलेली बाई. खाली पोचेस्तोवर माझा ब्लाऊज ओला. एकदोनदा लिफ्टमध्येच झालं, आणि सेक्रेटरीनं सोसायटीच्या ग्रुपवर नाव न घेता लिहिलं की काही सदस्य लिफ्टला नाली समजून राहिले आहेत. नाव घ्यायची गरजच काय? इमारतीत कुत्री दोनच होती आणि त्यातली एक शहाणी होती.

ती शहाणी समोरची. ताई शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. सुती साडी, चष्मा, आवाज कधी चढायचा नाही. त्यांच्या हॉलमध्ये बुद्धाची पांढरी मूर्ती आहे, समोर पाण्याच्या वाटीत फुलं असतात, आणि दसऱ्याला सगळं घर पांढरे कपडे घालून दीक्षाभूमीला जातं. त्यांनी पिल्लीसाठी बाल्कनीत वर्तमानपत्र पसरलं. पिल्ली त्यावर करू लागली तसं ते रोज थोडं दाराकडे सरकवलं, मग दाराबाहेर नेलं, मग उचलूनच टाकलं. पिल्ली दाराशी येऊन एकदा भुंकायची, ताई शांतपणे चप्पल घालायच्या, दोघी खाली जायच्या आणि काम उरकून वर यायच्या. हे सगळं मी दाराच्या भिंगातून पाहायचे. हो, पाहायचे. कुकरच्या शिट्ट्या होत असल्या तरी पाहायचे.

वर्तमानपत्र मलाही सुचवलं त्यांनी. पण पेपराला पाय लागला तरी हात कपाळाला नेणारी मी. छापलेल्या अक्षरांवर कुत्रं बसवायचं माझ्या जिवावर आलं. मी जुन्या लुगड्याचे तुकडे पसरले. माझ्या सासरी उमरेडला हातमाग होते, त्या कापडाचे तुकडे अजून गाठोड्यांतून निघतात. पिल्लानं ते चावले, ओढले, त्यांवर गाढ झोपला. शू करायला मात्र उठून उंबऱ्यावर गेला.

उंबरा म्हणजे आमच्या फ्लॅटला बिल्डरनं दिलेली काळ्या ग्रॅनाइटची पट्टी. तिलाच मी उंबरा म्हणते आणि उंबऱ्यासारखंच वागवते. सकाळी पुसते, गोमूत्र शिंपडते, वर दोन बोटांची रांगोळी काढते. सासूबाई करायच्या तेच. अंगण गेलं, शेण गेलं, देवघराखाली बाटली तेवढी राहिली. घरात पिल्लानं जिथं जिथं केलं तिथंही मी आधी फिनाईलनं पुसायचे आणि मग गोमूत्र शिंपडायचे. देवघर हॉलमध्येच आहे, नुसतं पुसून माझं समाधान व्हायचं नाही. पुसून माझी कंबर मोडली, पण उंबरा, सोफ्याचा पाय आणि दारामागचा कोपरा या त्याच्या जागा काही सुटल्या नाहीत.

हेही मी सोसलं असतं. पोटात दुखायचं ते वेगळ्याच गोष्टीनं. आमचा त्यांच्या घरी कधीच शू करत नसे. बहिणीशी खेळायला म्हणून तिकडे जायचा, दुपार दुपार तिकडे लोळायचा, आणि एक थेंब सांडत नसे. ताई त्याला खाली नेऊन आणायच्या आणि हसत माझ्या हातात द्यायच्या. माझ्या हातात आला की आमच्या दारात पाऊल टाकताच पट्टीवर धार. कुत्रा तोच, दिवस तोच, मधे फक्त लिफ्टसमोरची जागा. मग फरक कशात होता? माझ्यात. दुसरं काय समजणार मी? त्याला त्यांची शिस्त कळते, माया कळते, माझं काहीच कळत नाही. रात्री यजमान जेवता जेवता म्हणायचे, "त्यायले विचारून पाह्य ना वं, त्या कशा करतात." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी त्यांच्या ताटात भाकर जरा जोरातच टाकायचे.

आणि ताई आमच्याकडे आल्या की मग तर विचारूच नका. त्यांचा आवाज आला की हा कान मागे टाकून, सगळं अंग हलवत धावायचा आणि आनंदानं त्यांच्या पायाशीच मोकळा व्हायचा. मी घरी आले तर नुसतं शेपूट. त्यांच्यासाठी एवढा सोहळा.

अशाच एका दुपारी त्या वाटीभर गोळाभात घेऊन आल्या. दाराजवळच्या स्टुलावर बसल्या आणि नेहमीचंच झालं. त्यांनी पाय उचलून घेतले, हसल्या, आणि जाताना मला म्हणाल्या की ताई, त्याच्यावर रागावू नका. माझं कुत्रं, माझं घर, आणि त्याच्यावर रागवायचं की नाही हे मला या सांगणार. त्या गेल्या तशी मी धुसफुसत पोछा घेतला. पुसलं, फिनाईल मारलं, आणि बाटली घेऊन स्टुलाच्या चारी बाजूंनी शिंपडत सुटले. दार नुसतं लोटलेलं होतं. मान वर केली तर ताई दारात उभ्या. वाटी घ्यायला परत आल्या होत्या. त्यांनी माझ्या हातातली बाटली पाहिली, स्टूल पाहिलं. रिकामी वाटी परत देऊ नये म्हणून मी तिच्यात साखर घालायला आत वळले. बाहेर आले तर दारात कोणी नव्हतं. मला वाटलं, त्यांच्या गॅसवर काही असेल.

त्यानंतर त्या आल्या नाहीत. लिफ्टमध्ये भेटल्या तर मान हलवायच्या, मजल्यांच्या आकड्यांकडे बघत राहायच्या. आमचा त्यांच्या दाराशी नखं घासायला गेला तर त्या त्याला कुरवाळायच्या आणि दाराबाहेरच ठेवायच्या. खरं सांगते, मला बरं वाटलं. आता तो माझा एकटीचा होईल. मी त्याला शिकवीन आणि त्याला शिकवलं कोणी, तर मी, असं सगळे म्हणतील. साखर घातलेली वाटी ओट्यावर तशीच होती. मी तिच्यावर ताटली झाकली.

पण तो झाला नाही माझा. तो दाराखालच्या फटीला नाक लावून पडून राहायला लागला. मी बोलावलं की मान वळवून बघायचा आणि पुन्हा फटीकडे. आणि घरातलं शू वाढलं. मी दिवसातून किती वेळा खाली न्यायचे त्याला, पण खाली तो बहिणीचा वास शोधत फिरायचा, आणि वर आला की पट्टी. एकदा मी त्याच्यासमोर जमिनीवरच बसले आणि विचारलं, "काहून गा? मी काय कमी करून राहिली तुले?" त्यानं माझा हात चाटला आणि उठून दारामागच्या कोपऱ्यात गेला. त्याच संध्याकाळी यजमानांनी दिरांना फोन करून सांगितलं की दिवाळीला येताना साखळी घेऊन ये. मी स्वयंपाकघरात नळ सोडून उभी राहिले, म्हणजे पुढचं ऐकू येऊ नये.

दसऱ्याला मी झेंडूचं तोरण बांधलं, उंबरा दोनदा धुतला, सणाचा दिवस म्हणून बाटली जरा सढळ हातानं शिंपडली आणि मोठी रांगोळी काढली. आमच्याला स्वयंपाकघरात बांधलं होतं. यजमान सोनं द्यायला खालच्या मजल्यांवर गेले होते. संध्याकाळी लिफ्ट उघडली आणि समोरच्या ताई बाहेर आल्या. अंगावर पांढरी साडी; दीक्षाभूमीवरून आल्या आल्या पिल्लीला खाली फिरवून आणलं असावं. त्यांनी पट्टा सोडला, कुलपाला किल्ली लावली, तेवढ्यात पिल्ली वळली ती सरळ आमच्या दारात. रांगोळी हुंगली, पट्टी हुंगली, गोल फिरली आणि मधोमध बसून तिनं मोकळं केलं. ती शहाणी. गुणाची. रांगोळीचे रंग ओघळून एक झाले.

मला जो आनंद झाला तो झाला. सणासुदीची रांगोळी गेली, पण मी अक्षरशः टाळी वाजवली.

"तुमचीनं पण केलं," मी म्हटलं.

ताई आपल्या पिल्लीकडे बघत राहिल्या. आत्ताच खाली करून आली ना वं तू, असं तिला पुटपुटल्या. मी पोछा आणायला धावले आणि सवयीनं दुसऱ्या हातात बाटलीही घेऊन आले. ताईंनी ती बाटली पाहिली.

"आता हे कोणासाठी शिंपडता, ताई?" त्या म्हणाल्या. "हिच्यासाठी, की माझ्यासाठी?"

मी म्हटलं, म्हणजे?

"त्या दिवशी मी वाटी घ्यायले परत आली होती. मी जिथं बसली होती तिथंच तुम्ही शिंपडून राहिल्या होत्या." आवाज नेहमीसारखाच, चढलेला नाही. "माझी आई लोकायच्या घरी कामाले जाये. ती निघाली की तिच्या मागं असंच शिंपडत. ती कधी मागं वळून पाहत नव्हती. मी पाहत होती."

माझ्या हातात बाटली, दुसऱ्या हातात पोछा. मी म्हटलं की नाही हो, त्यानं तिथं केलं होतं, तुमच्या पायाशीच केलं होतं, तुम्ही पाय उचलून घेतले होते, आठवा. मी खरं बोलत होते, पण माझा आवाज खोटं बोलणाऱ्या माणसासारखा निघाला. आयुष्यभर खिडकीवर बसून मी लोकांना गप्प केलं, आणि त्या दिवशी माझ्याच तोंडून धड वाक्य येईना. तो जिथं करतो तिथं मी शिंपडते, म्हटलं. तुमच्यासाठी नव्हतं.

त्या किल्ली कुलपातच सोडून दोन पावलं पुढे आल्या. मग म्हणाल्या, "रोज शिंपडता?"

"रोज. सकाळी उंबऱ्यावर, अन् मग तो करते तिथं तिथं."

त्यांनी पट्टीकडे पाहिलं, आपल्या शहाण्या पिल्लीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. समोरच्या पोरीनं गणित कुठं चुकवलं ते सापडल्यावर बाईंचा चेहरा होतो, तसा त्यांचा झाला.

"ताई," त्या म्हणाल्या, "तुम्ही मुतावर मूत शिंपडून राहिल्या. कोणतं पवित्र अन् कोणतं नाही, हे कुत्र्याले कसं समजन?"

मला हसू आलं नाही. आधी रागच आला, की हेसुद्धा यांनाच कळावं. मग उंबरा आठवला, सोफ्याचा पाय आठवला, दारामागचा कोपरा आठवला. जिथं जिथं मी देवाचं नाव घेऊन शिंपडलं होतं, तिथं तिथं तो आज्ञाधारकपणे जात होता. बिचारा शिकत नव्हता असं नाही. मी जे शिकवत होते तेच शिकत होता. त्यांच्या घरात असलं काही शिंपडलं जात नाही, म्हणून तिथं तो कोरडा. ताईंनी सांगितलं की फिनाईलही नको, गरम पाण्यात सिरका, म्हणजे व्हिनेगर, घालून पुसा. मी आत या म्हटलं. पुन्हा कधी, म्हणाल्या, आणि पिल्लीला काखेत घेऊन त्यांनी दार लावलं.

यजमान वर आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. कुत्र्याचं ऐकून ते पोट धरून हसले. ताईंच्या आईचं ऐकून हसणं थांबवलं, टीव्ही बंद केला आणि सोनं हातात घेऊन बसले.

दुसऱ्या दिवशी मी बाटली तुळशीत रिकामी केली. मोरीत ओतवेना. घरभर गुडघ्यांवर बसून सिरक्याचं पाणी फिरवलं. दिवसभर लोणच्याच्या बरणीत राहिल्यासारखं वाटत होतं. सकाळी उंबऱ्यावर नुसतं पाणी मारताना हात देवघराखाली जायचा आणि रिकामा परत यायचा. सासूबाईंना मनात काय सांगायचं ते सांगितलं. पहिले काही दिवस तो जुन्या जागी जाऊन हुंगायचा, गोंधळून माझ्याकडे बघायचा, आणि मी त्याला उचलून लिफ्ट गाठायचे. मग एका सकाळी मी पोळ्या लाटत असताना दारावर नखं घासल्याचा आवाज आला. कणकेच्या हातांनी मी त्याला खाली नेलं. लिफ्टमध्ये तो चुळबुळत होता, पण धरून होता. खाली बदामाच्या झाडाशी पोचला आणि इतका वेळ करत राहिला की वॉचमनही बघायला लागला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वर आल्यावर यजमान म्हणाले, "पाह्यलं? त्यायनंच सांगितलं म्हणून झालं." त्या दिवशी मी त्यांच्या पोळीला तूप लावलं नाही.

दिवाळीला दीर आले. पिशवीत धानाचे पोहे, चिंचा आणि नवी साखळी. त्यांनी साखळी सोफ्यावर ठेवली आणि त्याला बोटानं जवळ बोलावलं. यजमानांनी सांगितलं, आता करत नाही तो घरात. दीर म्हणाले, पाहू, संध्याकाळपर्यंत केलं नाही तर राहू द्या तुमच्याकडे, केलं तर मी नेतो, अटीप्रमाणे. यजमानांनी मान हलवली. त्यांचा स्वभाव शब्द पाळण्याचा आहे, त्याचा मला तेव्हा फार संताप आला.

दुपारी मी फराळाची ताटं भरायला घेतली. मजल्यामजल्यावरची माणसं येऊन सोफ्यावर बसून चिवडा खाऊन जात होती. एक ताट समोरचं होतं. ताई त्या गोळाभाताच्या दुपारपासून आमच्या उंबऱ्याच्या आत आल्या नव्हत्या. दसऱ्यानंतर दारात बोलायच्या, कुत्र्याची प्रगती विचारायच्या, दारातूनच जायच्या. यजमान माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "अवं, त्यायले आज नको बोलावू. त्यायले पाहून तो हमखास करते. भाऊ गेला की बोलाव उद्या." त्यांचं बरोबर होतं. तो आता घरात धरत होता, पण ताई आत आल्यावर धरेल का, हे कोणालाच माहीत नव्हतं. ताट यजमानांच्या हाती पाठवून दिलं असतं तर भागलं असतं. मी ताट उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. सगळी इमारत माझ्या घरात बसून खाणार आणि त्या एकट्या दारातून ताट घेणार, हे मला बघवेना.

मी जाऊन त्यांचं दार वाजवलं. आत येऊन बसा, म्हटलं.

"तुमचे दीर आले ना?" त्या म्हणाल्या. त्यांना साखळीचं माहीत होतं. "तो मले पाहून करते, ताई."

"करू द्या. तुम्ही या."

त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला आणि माझ्यामागून निघाल्या. आमच्या पट्टीपाशी त्या थांबल्या. खाली पाहिलं. पट्टी कोरडी होती, वर दोन बोटांची रांगोळी. त्या ओलांडून आत आल्या. आणि तो त्यांना पाहून कान मागे टाकून सुटला, शेपटीसकट सगळं अंग हलवत, तोंडानं चमत्कारिक आवाज काढत. दीर वाकून त्याच्या पोटाखाली बघत होते. मी त्या क्षणी त्याच्यावर इतकी जळले की काय सांगू. आता यानं केलं तर आनंदानं करणार, त्यांच्यासाठी करणार, आणि त्या आनंदापायी माझ्याकडून जाणार. रामटेकला बांधला गेला तरी चालेल, पण ताई दिसल्या पाहिजेत याला. त्याचे मागचे पाय थरथरत फाकले. ताई स्टुलावर बसल्या होत्या. हात मांडीवर घट्ट, त्याला हातही लावला नाही त्यांनी, श्वास धरून बसल्या होत्या. तो त्यांच्या पायाशी आला, फरशी हुंगली, पुन्हा हुंगली. मग वळला, दाराशी गेला आणि नखं घासायला लागला. मान वळवून त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे.

पट्टा कसा लावला आठवत नाही. खाली बदामापाशी त्यानं केलं आणि मी झाडाला टेकून उभी राहिले. वर आले तर ताई तिथंच बसल्या होत्या, दीर त्यांना शंकरपाळे देत होते आणि साखळी पिशवीत परत गेली होती. "वहिनी, हा शहरातलाच आहे," दीर म्हणाले. यजमान उगाच खिडकी उघडत, लावत होते.

ताई निघाल्या तेव्हा मी ओट्यावरची त्यांची वाटी आणून दिली. जुनी साखर टाकून नवी भरली होती. त्यांनी ती दोन्ही हातांत घेतली आणि उंबरा ओलांडला. मी दार लावलं नाही. उलट सताड उघडलं आणि कुत्र्याला मांडीवर घेऊन पट्टीवरच बसले, हात त्यांना दिसतील असे. दोन्ही रिकामे. त्यांनी किल्ली लावली, दार ढकललं, आणि आत पाय टाकण्याआधी मागे वळून पाहिलं. थोडा वेळ पाहत राहिल्या. मग मान हलवून आत गेल्या.

तो माझ्या मांडीवर, आणि नजर त्यांच्या दारावर. बघू दे, म्हटलं. मीसुद्धा तिकडेच बघत होते.